नक्कल करायलाही अक्कल लागते : लेनिनग्राडच्या स्पेक्ट्रमची गोष्ट

‘नक्कल करायलाही अक्कल लागते’ हे वाक्य तुम्ही शाळेत कधी ना कधी ऐकलं असेल. बहुतेक वेळा तो टोमणा असतो. शेजाऱ्याच्या वहीतलं गणित उतरवताना त्याचं नावही उतरवून ठेवणाऱ्या मुलासाठी राखून ठेवलेला. मला मात्र हे वाक्य शब्दशः खरं वाटतं. इतकं खरं, की विज्ञान शिकवण्याच्या आपल्या पद्धतीत नकलेला आज आहे त्यापेक्षा बरीच वरची जागा मिळायला हवी असं माझं मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी तुम्हाला एका ब्रिटिश घरगुती संगणकाची आणि त्याच्या सोव्हिएत भावंडांची गोष्ट सांगणार आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांना झेडएक्स स्पेक्ट्रम हे नाव नवीन नसेल. तुमच्या ऑफिसातल्या पन्नाशीच्या सहकाऱ्यासमोर ते नुसतं उच्चारून बघा, पुढचा अर्धा तास तुमचा गेला. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने तो एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणला. १६ केबी मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केबीचा १७५ पौंडांना. पडदा म्हणून घरातला टीव्ही, साठवण म्हणून घरातला कॅसेट प्लेअर, आणि खोडरबरासारख्या मऊ बटणांचा कीबोर्ड. आत झिलॉगचा झेड८० जातीचा प्रोसेसर, सेकंदाला ३५ लाख टिकांच्या वेगाने चालणारा.

एवढ्या स्वस्तात हे जमलं कसं? त्याचं मोठं श्रेय एका चिपला जातं. तिचं नाव यूएलए, म्हणजे ‘अनकमिटेड लॉजिक अ‍ॅरे’. ब्रिटनमधली फेरांटी ही कंपनी त्या बनवायची. कल्पना समजायला सेमी-स्टिच्ड ड्रेस मटेरियल डोळ्यांसमोर आणा. कापड, भरतकाम, गळा सगळं आधीच तयार. शेवटची शिवण तेवढी तुमच्या मापाने. यूएलएमध्येही सिलिकॉनवरचे घटक आधीच तयार असतात, फक्त ते एकमेकांना जोडणारा धातूचा शेवटचा थर गिऱ्हाइकाच्या गरजेनुसार घालतात. त्यामुळे चिप स्वस्तात आणि लवकर मिळते. स्पेक्ट्रमचे हार्डवेअर डिझायनर रिचर्ड ऑल्टवासर यांनी टीव्हीचं चित्र तयार करणं, मेमरीची वाटणी, कीबोर्ड, कॅसेट आणि आवाज अशी बहुतेक कामं या एका चिपमध्ये कोंबली.

आता तुम्ही १९८०च्या दशकात लेनिनग्राडमध्ये राहणारे इंजिनिअर आहात अशी कल्पना करा. पाश्चात्त्य देशांची कोकॉम ही समिती सोव्हिएत गटाला कोणतं तंत्रज्ञान विकायचं नाही ते ठरवते आहे. कुणाच्या तरी मार्फत एखादा स्पेक्ट्रम तुमच्या टेबलावर येतो. तुम्ही तो उघडता. प्रोसेसर ओळखीचा आहे. पूर्व जर्मनीत एरफुर्टला त्याची नक्कल यू८८० नावाने बनते. मेमरीच्या चिपही सोव्हिएत कारखान्यांतून मिळतील. रॉममधले १६ केबी वाचून दुसऱ्या चिपमध्ये भरता येतील. आणि मधोमध बसली आहे यूएलए. ती बाजारात मिळत नाही. तिच्या आत काय आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही. हे पुस्तक पुढे निघालं, ख्रिस स्मिथ या ब्रिटिश अभियंत्याने लिहिलेलं, पण २०१० साली! म्हणजे संगणक विक्रीला आल्यानंतर २८ वर्षांनी.

इथे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवण्याचा मार्ग बंद होतो. चिपची नक्कल करायची तर ती काय करते आणि का करते हे समजून घ्यावंच लागतं.

ती काय करते ते थोडक्यात पाहू, कारण खरी मजा तिथेच आहे. टीव्हीच्या पडद्यावरचा किरण कुणासाठी थांबत नाही. तो डावीकडून उजवीकडे, वरून खाली धावत असतो आणि यूएलएने त्याला दर आठ ठिपक्यांसाठी मेमरीतून दोन बाइट पुरवायचे असतात: एक ठिपक्यांचा, एक रंगांचा. त्यासाठी वेळ असतो साधारण सव्वा मायक्रोसेकंदाहूनही कमी. त्याच मेमरीतून प्रोसेसरलाही आपलं काम करायचं असतं. चाळीतल्या एकाच नळावर दोन बिऱ्हाडं पाणी भरतात तसा प्रकार. त्यात टीव्हीचं बिऱ्हाड असं, की त्याची बादली एक क्षण उशिरा भरली तर चित्रच फाटतं. म्हणून दोघं एकदम नळावर आले की यूएलए चक्क प्रोसेसरची टिकटिक थांबवते. ‘तू जरा थांब, आधी याचं होऊ दे.’

दुसरी गंमत पडद्याच्या मांडणीत आहे. स्पेक्ट्रमवर एखादं चित्र कॅसेटवरून उतरताना पाहिलंत, तर ओळी सरळ क्रमाने येत नाहीत. आधी वरच्या एकतृतीयांश भागात आठ-आठ ओळी सोडून रेघा उमटतात, मग मधल्या, मग खालच्या, आणि सगळ्यात शेवटी रंग भरतात. पाहणाऱ्याला वाटतं, हे काय वेड्यासारखं? पण पत्ते बायनरीत लिहून पाहिले की उलगडा होतो. कोणत्याही चौकोनाचा ठिपक्यांचा बाइट आणि रंगाचा बाइट यांच्या पत्त्यांचे शेवटचे आठ बिट अगदी सारखे असतात. या प्रकारच्या मेमरीला पत्ता दोन हप्त्यांत सांगावा लागतो. पहिला हप्ता सारखाच असेल तर दोन्ही बाइट पटापट काढता येतात. कपाटाचा एकच खण उघडून त्यातल्या दोन वस्तू काढाव्यात तसं. वेडेपणा वाटणारी मांडणी म्हणजे वेळेची काटकसर होती.

हे सगळं नकाशा हातात नसताना, चालू संगणकाच्या तारांवरचे सिग्नल बघत शोधून काढायचं आणि मग यूएलएच्या जागी बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या चिप लावून तेच काम करून घ्यायचं. गणक, निवडक, शिफ्ट रजिस्टर, असले काही डझन किडे एका बोर्डावर. सोव्हिएत संघात वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या लोकांनी हे केलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे लेनिनग्राडच्या सर्गेई झोनोव यांचं. दशकाच्या अखेरीस आलेल्या त्या संगणकाला लोक शहराच्याच नावाने ‘लेनिनग्राड’ म्हणू लागले. साधं, स्वस्त, कमी चिपांचं डिझाइन. लोकांनी त्याचे बोर्ड छापले, सुटे भाग जमवले, घरी सोल्डरिंग केलं, मिळेल त्या डब्यात बसवलं. मे १९८८च्या सहकार कायद्याने छोट्या खाजगी धंद्यांना वाट मोकळी झाल्यावर असे संगणक जोडून विकणारेही निघाले.

तिथल्या वाचकांना हे अगदीच नवीन नव्हतं. ‘रादिओ’ नावाच्या मासिकाने १९८६ मध्ये ‘रादिओ-८६आरके’ या अवघ्या २९ चिपांच्या संगणकाचं पूर्ण डिझाइनच छापलं होतं. आपल्याकडे पुण्याच्या बुधवार पेठेतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून रेडिओ जोडणारे काका जसे घरोघरी असायचे, तशीच ही मंडळी. फक्त रेडिओच्या जागी संगणक.

इथवरची गोष्ट ‘मेहनतीने केलेली नक्कल’ एवढीच आहे. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

काही काळाने ‘पेंटॅगॉन’ नावाचं दुसरं रूप आलं, १२८ केबीच्या स्पेक्ट्रमची नक्कल. १९९०च्या दशकात त्याचे बोर्ड सगळ्या माजी सोव्हिएत प्रदेशात पसरले. त्यात नळाचं भांडण कायमचं मिटवलेलं होतं: टीव्ही आणि प्रोसेसर आळीपाळीने मेमरीकडे जातात, त्यामुळे प्रोसेसरला कधीच थांबावं लागत नाही. या एका बाबतीत नक्कल मुळापेक्षा सरस झाली. शिवाय एका फ्रेममधल्या ओळींची संख्या बदलली. मूळ ४८ केबी स्पेक्ट्रममध्ये ती ३१२ होती, पेंटॅगॉनमध्ये ३२०. बायनरीत ३१२ हा आकडा ओळखायला चार बिट बघावे लागतात, ३२० ओळखायला दोनच. सुट्या चिपांतून गणक बनवणाऱ्यासाठी किती सोयीचा आकडा!

पण त्यामुळे एका फ्रेममधल्या प्रोसेसरच्या टिका ६९,८८८ ऐवजी ७१,६८० झाल्या. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय होतं? खेळ खेळणाऱ्याला काहीच नाही. पण ‘डेमो’ लिहिणाऱ्यांना, म्हणजे जुन्या यंत्राकडून अशक्य वाटणारी दृश्यं करवून घेणाऱ्या कलाकार-प्रोग्रामरांना, प्रत्येक टिक मोजावी लागते. स्पेक्ट्रमचा रंग आठ-बाय-आठच्या चौकोनांत बदलतो. किरण नेमका कुठे पोचला आहे ते टिका मोजून ओळखलं आणि ऐन वेळी रंग बदलला, तर प्रत्येक ओळीला वेगळा रंग देता येतो. रशियन मंडळींनी हे हिशोब पेंटॅगॉनच्या टिकांवर केले. १९९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ‘एनलाइट’ नावाचा त्यांचा मेळावा भरला. तोवर सिंक्लेअरने आपला संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला विकून नऊ वर्षं झाली होती आणि ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रमचं उत्पादनही थांबलं होतं. पेंटॅगॉनसाठी लिहिलेले असे डेमो अस्सल ब्रिटिश स्पेक्ट्रमवर नीट चालत नाहीत. नक्कल मानक झाली आणि मूळ यंत्रच ‘सुसंगत नसलेलं’ ठरलं!

आता तुमच्यातले जाणकार विचारतील, की नक्कल इतकी गुणकारी असेल तर सोव्हिएत संगणकशास्त्र मागे का पडलं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर माझ्या मुद्द्याला धार देतं.

सोव्हिएत सरकारने स्वतःही नक्कल केली होती, आणि ती कितीतरी मोठ्या प्रमाणावर. १९६०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ठरवलं की देशातल्या मोठ्या संगणकांची नवी मालिका आयबीएमच्या १९६४च्या सिस्टिम/३६०शी सुसंगत असेल. त्या वेळी त्यांच्याकडे सर्गेई लेबेदेव यांचा बेस्म-६ हा स्वतःच्या डिझाइनचा उत्तम संगणक होता. लेबेदेव यांचा या नकलेला विरोध होता. तरी निर्णय झाला आणि हजारो हुशार इंजिनिअर पुढची अनेक वर्षं आयबीएमच्या मागे धावत राहिले. या इंजिनिअरांनाही अक्कल कमी लागली नाही. आतली यंत्रणा त्यांना स्वतःच उभी करावी लागली. मग फरक कुठे पडला?

माझ्या मते फरक मोकळिकीत होता. सरकारी नकलेचा सगळा हेतूच सुसंगतता हा होता. तिथे वेगळं काही करणं म्हणजे चूक. आयबीएम पुढे सरकणार आणि आपण तिच्या पावलावर पाऊल टाकणार, हे वरूनच ठरलेलं. पेंटॅगॉनवाल्यांना मात्र ‘३१२ ऐवजी ३२० ओळी चालतील का?’ असं विचारायला वर कुणी नव्हतंच. त्यांनी बदल केला, तो लोकांना चालला, आणि पुढे त्यावर नवं काही उभं राहिलं.

आपल्याला हे समजायला रशियापर्यंत जायचीही गरज नाही. शास्त्रीय गाणं शिकणारा शिष्य आधी कित्येक वर्षं गुरूच्या गळ्याची नक्कलच करतो. त्याला कुणी हिणवत नाही. उलट तालीम म्हणतात. पण पुढे त्याने गुरूसारखंच आणि तेवढंच गायचं असा दंडक घातला, तर ते घराणं गोठून जाईल. नक्कल हा शिक्षणाचा पहिला टप्पा आहे. तिथेच थांबवलं तर बेडी, तिथून पुढे जाऊ दिलं तर पायरी.

नकलेची एक बाजू मात्र झाकून ठेवता येणार नाही. हार्डवेअर त्यांनी समजून घेऊन नव्याने बांधलं, पण रॉममधला प्रोग्राम सरळ उचलला. तो लिहिणाऱ्या स्टीव्ह विकर्स यांना किंवा सिंक्लेअरला त्यातला एक रूबलही मिळाला नाही. खेळांच्या कॅसेटींचंही तेच. रशियात संगणक प्रोग्रामना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा १९९२ मध्ये आला. त्याआधी असं उतरवणं तिथल्या लोकांना गुन्हा वाटतही नव्हतं. तरी दुसऱ्याच्या श्रमाचं मोल न देणं हे योग्य होत नाही. विकत घ्यायचा मार्गच बंद होता, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की जो भाग बाइटमागून बाइट उतरवता आला त्यातून त्यांना फारसं शिकावं लागलं नाही, आणि जो उतरवता आला नाही त्याने त्यांना इंजिनिअर बनवलं. तुमच्या नकलेतला कोणता भाग समजुतीच्या चाळणीतून गेला, हा प्रश्न कुठल्याही नकलेला विचारून बघा. तिची किंमत लगेच कळते.

हा प्रश्न मला रोजच्या कामात भेटतो. माझ्या पीएचडीचं जवळजवळ पहिलं वर्ष दुसऱ्या एका गटाचा प्रसिद्ध झालेला निकाल आमच्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळवण्यात गेलं. शोधनिबंधात पद्धतीचं वर्णन होतं जेमतेम दोन परिच्छेद. त्यात न लिहिलेल्या गोष्टी, म्हणजे तापमान किती वेळ स्थिर ठेवायचं, कोणत्या क्रमाने काय मिसळायचं, कोणता आवाज उपकरणाचा आणि कोणता खरा सिग्नल, या एकेक करत शोधाव्या लागल्या. त्या वर्षातून माझा एकही निबंध निघाला नाही. पण आज माझ्या विषयातलं जे काही मला खात्रीने येतं, त्यातलं बरंचसं त्याच वर्षातलं आहे. तरीही अनुदानाच्या अर्जात ‘दुसऱ्यांचा प्रयोग पुन्हा करून पाहणार’ असं लिहिलं तर तो कपाटात जातो. सगळ्यांना नवं हवं असतं. पुनरावृत्ती हा विज्ञानाचा पाया आहे असं आम्ही भाषणात म्हणतो, आणि पगार, पदं, पुरस्कार मात्र दुसऱ्याच गोष्टीला देतो. शिकणाऱ्याला यूएलए उघडायला वर्ष देणारी व्यवस्था आपण हळूहळू मोडीत काढतो आहोत, ही माझी खरी चिंता आहे.

आणि घरी? लेनिनग्राडमध्ये हे चाललं होतं त्याच दशकात भारतात १९८४-८५च्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले. तेही केंब्रिजचेच, एकॉर्न कंपनीचे, आणि त्यांच्यातही फेरांटीच्या यूएलए होत्या. पुढे चंडीगडजवळच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने ते ‘युनिकॉर्न’ नावाने आणले. रीतसर, परवानगीने. त्यात चूक काहीच नव्हती. पण रस्ता सरळ असल्यामुळे ती चिप उघडून बघायची गरजही कुणाला पडली नाही. आज परदेशात आपल्या मुलांचं तसंच आहे. त्यांच्यासाठी सगळं सरळ रस्त्याने, बंद डब्यात, दुसऱ्या दिवशी दारात येतं.

याचा अर्थ टंचाई चांगली असते असा मुळीच नाही. निर्बंध घातले की हुशारी आपोआप उगवते, असा सूर अलीकडे चिपांच्या निर्यातबंदीच्या चर्चेत ऐकू येतो. १९८२ची यूएलए सुट्या चिपांनी जेवणाच्या टेबलावर बदलता आली. आजच्या प्रोसेसरमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, तिथे सोल्डरिंगची काडी काय करणार? आणि ज्यांना सुटे भाग मिळाले नाहीत, ज्यांच्या हातात सिग्नल बघायचं उपकरणच नव्हतं, त्यांची गोष्ट कुणी लिहीत नाही. टंचाईतून मिळालेली शिकवण टंचाई न आणताही देता येते, हाच तर शिक्षणाचा अर्थ.

म्हणून माझी विनंती साधी आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी मूल ‘काहीतरी नवीन आयडिया’ शोधत हवालदिल झालं असेल, तर त्याला एखादी जुनी गोष्ट नक्कल करायला द्या. ख्रिस स्मिथ यांनीच यूएलएशिवाय, सुट्या चिपांतून स्पेक्ट्रम बनवून ‘हार्लेक्विन’ या नावाने मांडला आहे. हौशी लोक तो आजही घरी जोडतात. एवढं मोठं नको असेल तर साधा एफएम रेडिओ, घड्याळ, गॅलिलिओची दुर्बीण. फक्त दोन अटी घाला. एक, एखादा महत्त्वाचा भाग तयार मिळणार नाही, तो समजून घेऊन स्वतः बनवायचा. दोन, मूळ वस्तूसारखी चालायला लागली की त्यात किमान एक बदल स्वतःच्या मनाने करायचा, आणि तो का केला ते सांगता आलं पाहिजे.

पहिल्या अटीने अक्कल येते. दुसरी घातली नाही, तर ती अक्कल जन्मभर दुसऱ्याच्याच पावलांवर चालत राहते.